एका चित्रपटाचे पाठभेद

जुन्या काव्याच्या दहा पोथ्या पुढें मांडून अक्षर अक्षराशीं ताडून पाहणाऱ्या पंडिताविषयीं आपणां सर्वांच्या मनांत आदर असतो. उलट एकाच चित्रपटाच्या पांच-सहा आवृत्त्या पदरमोड करून जमवावयाच्या, आणि रात्रीं जागून त्यांतील प्रसंग प्रसंगाशीं ताडून पाहावयाचे, असा नाद ज्याला जडला त्याच्याकडे घरचीं माणसेंसुद्धां कींव करून पाहतात. या दोन उद्योगांत जातीचा कांहीं भेद आहे असें मला वाटत नाहीं. भेद असलाच तर तो इतकाच कीं, पहिल्याच्या श्रमांतून शेवटीं एक संशोधित प्रत निर्माण होते, आणि दुसऱ्याच्या श्रमांतून एक भरलेलें कपाट.

मला या नादास लावणारा चित्रपट म्हणजे ऑर्सन वेल्स याचा 'टच ऑफ ईव्हिल'. तो १९५८ सालीं प्रदर्शित झाला. ज्यांनीं तो पाहिला नसेल अशा वाचकांसाठीं कथेचें सूत्र सांगणें अवश्य आहे. आणि शेवट आधींच सांगितल्याबद्दल कोणी रागावूं नये, कारण गुन्हेगार कोण हें या चित्रपटांतील खरें रहस्य नव्हेच. अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवरील एका गांवांत एका धनिकाच्या मोटारींत कोणी स्फोटक ठेवतो. मोटार सीमा ओलांडते आणि पेटते. व्हार्गास नांवाचा मेक्सिकन सरकारी अधिकारी आपल्या नवपरिणीत अमेरिकन पत्नीला, सुझनला, घेऊन त्याच वेळीं त्या रस्त्यानें चाललेला असतो. तपासाला येतो हँक क्विनलन: अवाढव्य देहाचा, लंगडत चालणारा, ज्याचा दरारा साऱ्या गांवावर आहे असा पोलीस कॅप्टन. ही भूमिका स्वतः वेल्सनेंच केली आहे. क्विनलनचा संशय सांचेझ नांवाच्या एका तरुणावर जातो, आणि त्याच्या न्हाणीघरांत जोड्यांच्या एका खोक्यांत डायनामाइटच्या दोन कांड्या सांपडतात. पण तेंच खोकें थोड्या वेळापूर्वीं व्हार्गासच्या हातून खालीं पडलेलें असतें, आणि तें रिकामें असतें. येथून दोघांचें वैर सुरू होतें. क्विनलननें आजवर कितीएक खटल्यांत असाच पुरावा पेरला आहे, हें व्हार्गास हुडकून काढतो. आणि तें सिद्ध करण्यास त्याला साहाय्य होतें तें क्विनलनचा परमभक्त दुय्यम, मेन्झीस, याचें. क्विनलन गोळी लागून घाणेरड्या पाण्यांत पडतो; आणि जवळजवळ त्याच वेळीं बातमी येते कीं, सांचेझनें गुन्हा कबूल केला. पुरावा खोटा होता. आरोप खरा होता.

चित्रण १९५७ सालीं झालें. सीमेवरचें तें गांव म्हणून जें दिसतें तें बरेचसें लॉस एंजेलिसजवळचें व्हेनिस आहे. संकलन पुरें होण्यापूर्वींच चित्रपट वेल्सच्या हातून गेला. युनिव्हर्सल स्टुडिओनें तें काम आपल्या माणसांकडून करविलें, कथा प्रेक्षकांना नीट कळावी म्हणून हॅरी केलर नांवाच्या दिग्दर्शकाकडून कांहीं नवे प्रसंग चित्रित करून घेतले, आणि हें सारें जोडून झाल्यावर तें वेल्सला दाखविलें. एकदांच. त्या एका दर्शनाच्या बळावर त्यानें स्टुडिओचे अधिकारी एडवर्ड म्यूल यांना ५८ पृष्ठांचें एक टिपण लिहिलें. त्याची तारीख ५ डिसेंबर १९५७. त्यांतल्या थोड्या सूचना मान्य झाल्या, पुष्कळशा झाल्या नाहींत. पुढील वर्षीं सुमारें ९५ मिनिटांचा एक चित्रपट, दोन चित्रपटांच्या खेळांतला दुय्यम चित्रपट म्हणून, 'द फीमेल ॲनिमल' या बोलपटाच्या शेपटाला बांधून लोकांपुढें आला. त्या मुख्य बोलपटाचा दिग्दर्शक होता हॅरी केलर. कादंबरींत कोणी असा योगायोग योजला असता तर परीक्षकांनीं त्यास ओढूनताणून आणलेला म्हटलें असतें.

त्या टिपणाविषयीं दोन शब्द अधिक लिहिल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. इंग्रजी गद्य शिकविण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. पत्रवाङ्मयाचे उत्तम नमुने म्हणून जें कांहीं आम्ही वर्गांत वाचतों त्यांच्या पंक्तीस हें टिपण बसविण्यास मी कचरणार नाहीं. लिहिणाऱ्याचा अधिकार काढून घेतलेला आहे, हें त्याला ठाऊक आहे. वाचणाऱ्याला राग आला तर उरलेंसुरलेंही जाईल, हेंही ठाऊक आहे. म्हणून तो संतापत नाहीं, स्वतःच्या कीर्तीचा उल्लेख करीत नाहीं, आणि ज्यांनीं त्याच्या चित्रपटाचे तुकडे केले त्यांनाही जेथें शक्य तेथें श्रेय देत जातो. मागणी मात्र एकही सोडत नाहीं. रस्त्यांतील खानावळी व नृत्यगृहें यांच्या कर्ण्यांतून जें संगीत ऐकूं येतें तें स्टुडिओंतल्या स्वच्छ ध्वनिमुद्रणासारखें वाजतां कामा नये. एक हलका कर्णा बाहेरच्या गल्लींत नेऊन ठेवावा, त्यांतून तें संगीत वाजवावें, आणि तेथें तें पुन्हां मुद्रित करावें, म्हणजे त्याला रस्त्याचा आवाज येईल, इतक्या बारकाव्यापर्यंत तो उतरतो. ज्याच्या घराला दुसऱ्यानें कुलूप लावलें आहे असा गृहस्थ खिडकींतून आंत डोकावून कोणता दिवा कोठें ठेवावा हें सांगत आहे, असें तें वाचतांना वाटतें.

मीं पहिल्यानें जो पाहिला तो या ९५ मिनिटांचा चित्रपट नव्हे. माझे एक स्नेही होते. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनीं मोठे, पण वसतिगृहांतील मैत्री, त्यामुळें अखेरपर्यंत अरेतुरेचीच. १९९४ सालीं अमेरिकेंतून परततांना त्यांनीं या चित्रपटाची व्हीएचएस कॅसेट आणली. अमेरिकन कॅसेट आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर चालत नसे. तिची चित्रपद्धति निराळी. दोन्ही पद्धतींचें यंत्र सांपडेपर्यंत ती कॅसेट दीड महिना त्यांच्या टेबलावर पडून होती. शेवटीं यंत्र मिळालें आणि आम्ही ती एका रात्रींत दोनदां पाहिली. ती १०८ मिनिटांची होती. युनिव्हर्सलच्या संग्रहांत १९७० नंतरच्या दशकांत एक लांब प्रत सांपडली. १९७६ सालीं ती चित्रगृहांत दाखविण्यांत आली, आणि पुढें तीच कॅसेटरूपानें विकली गेली. ती संपूर्ण, अखंड व पूर्ववत् केलेली आहे असा डांगोरा तेव्हां पिटण्यांत आला. वस्तुतः ती प्रदर्शनापूर्वीं निवडक प्रेक्षकांना दाखवून पाहण्याकरितां तयार केलेली एक मधली प्रत होती. ९५ मिनिटांच्या आवृत्तींतून उडविलेलें वेल्सचें कांहीं काम तिच्यांत आहे, तसेंच केलरचेंही काम तिच्यांत अधिक आहे. पोथ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर ती विस्तृत प्रत होती, शुद्ध प्रत नव्हे. आणि विस्तृत तें शुद्ध, असें समजण्याचा मोह जसा संतकाव्याच्या भाविक वाचकाला होतो, तसा चित्रपटाच्या व्यापाऱ्यालाही होतो.

१९९२ सालीं 'फिल्म क्वार्टर्ली' या नियतकालिकांत जोनाथन रोझेनबाम यांनीं त्या टिपणाचा मोठा भाग प्रसिद्ध केला, आणि त्यांतून पुढचा उद्योग उभा राहिला. रिक श्मिड्लिन या निर्मात्यानें तो अंगावर घेतला. वॉल्टर मर्च या ख्यातनाम संकलकानें टिपण हातीं धरून चित्रपट पुन्हां जोडला. आणि १९९८ सालीं १११ मिनिटांची तिसरी आवृत्ति अवतरली. वेल्सला जाऊन तेव्हां तेरा वर्षें झालीं होतीं. त्याची स्वतःची अशी पूर्ण झालेली प्रत कोठेंही शिल्लक नव्हती, तेव्हां मर्चनें 'मूळ' शोधून काढलें असें म्हणतां येणार नाहीं. जें कधींच अस्तित्वांत नव्हतें तें त्यानें कागदावरून घडविलें. ही गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे, कारण सारा वाद तिच्याभोंवतीं आहे.

आतां प्रत्यक्ष तुलनेकडे वळूं. चित्रपटाचा आरंभ तीन मिनिटांहून थोड्या अधिक लांबीच्या एका अखंड दृश्यानें होतो, आणि तें दृश्य चित्रपटविद्येच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकांत गाजलेलें आहे. दोन हात स्फोटकाचें घड्याळ लावतात. एक छाया धांवत जाऊन तें मोटारीच्या मागच्या पेटींत ठेवते. कॅमेरा उंच उचलला जातो, छपरांवरून जातो, पुन्हां रस्त्यावर उतरतो, आणि गर्दी, हातगाड्या, शेळ्या यांमधून ती मोटार व तें पायीं चाललेलें दांपत्य यांना कधीं जवळ आणीत, कधीं दूर नेत सीमेच्या नाक्यापर्यंत पोंचवतो. १९५८ च्या आवृत्तींत या साऱ्या दृश्यावर नटांचीं व तंत्रज्ञांचीं नांवें छापलेलीं आहेत, आणि त्याखालीं हेन्री मॅन्सिनीचें संगीत आहे: बोंगोंचा ठेका व त्यावर पितळी वाद्यांची गर्जना. वेल्सच्या टिपणांत हें संगीत नको होतें. निरनिराळ्या दारांतून येणारे गाण्यांचे तुकडे व मोटारींतील रेडिओ एकमेकांवर आदळत जावेत, असें त्याला हवें होतें. मर्चनें तसें केलें. नांवें शेवटीं नेलीं. संवाद, संगीत व इतर आवाज यांच्या स्वतंत्र ध्वनिपट्ट्या सुदैवानें राहिल्या होत्या, म्हणून हें शक्य झालें.

परिणाम काय होतो? जुन्या आवृत्तींत आपण मोटार *पाहतों*. नव्या आवृत्तींत आपण ती *ऐकतों*. गर्दीमागें ती दिसेनाशी झाली तरी तिच्यांतल्या रेडिओचा सूर पुसट होतो, पुन्हां चढतो, आणि मृत्यु आपल्यापासून किती पावलांवर आहे हें कान सांगत राहतात. दांपत्य हसत-बोलत चाललें आहे आणि तो रेडिओ जवळ येतो, तेव्हां मला प्रत्येक वेळीं आपोआप श्वास रोखल्यासारखें होतें. नांवें नसल्यामुळें दृष्टीही मोकळी होते. रसेल मेटीच्या छायालेखनावर निर्मात्याचें नांव फांसल्यासारखें जें वाटे तें आतां वाटत नाहीं. युक्तिवादानें पाहिलें तर नवी आवृत्ति सर्वस्वीं श्रेष्ठ आहे. पण मॅन्सिनीच्या त्या बोंगोंत एक घड्याळ होतें. तें संगीत ओबडधोबड असेल, वेल्सच्या योजनेला सोडून असेल. तरी पहिल्या रात्रीं त्यानेंच मला खुर्चींत खिळवून ठेवलें. आजही चकती लावल्यावर पहिल्या क्षणीं कान त्या ठेक्याची वाट पाहतो आणि तो येत नाहीं. ही उणीव वेल्सची नव्हे, मर्चची नव्हे. ती केवळ माझ्या कानांत आहे. परंतु रसिकाचा कान हाही पाठाचा एक भाग नव्हे काय, हा प्रश्न मला सहज टाळतां येत नाहीं.

दुसरें स्थळ याहून पुष्कळ लहान आहे, आणि माझ्या मतें पुष्कळ मोठें. व्हार्गास दफ्तरखान्यांत बसून जुन्या खटल्यांचे कागद काढतो आणि क्विनलननें पुरावा कसा पेरला तें मेन्झीसपुढें मांडतो. जुन्या आवृत्तींत येथें मेन्झीसचा चेहरा अगदीं जवळून दिसतो: कोसळलेला, हरलेला. वेल्सनें टिपणांत तें जवळचें दृश्य काढून टाकण्यास सांगितलें, आणि कारण दिलें तें केवळ तांत्रिक, भिंगाच्या निवडीचें. मर्चनें तें काढलें. काहीं क्षणांचा तो तुकडा. न सांगितल्यास लक्षांतही यावयाचा नाहीं. पण तो गेल्यावर साऱ्या उत्तरार्धाचा अर्थ पालटतो. पूर्वीं असें वाटे कीं मेन्झीसचा धीर सुटला, व्हार्गासनें त्याला जिंकलें, आणि पराभूत मनुष्याप्रमाणें तो आपल्या धन्याविरुद्ध गेला. आतां तो कोसळतांना दिसतच नाहीं. म्हणून पुढें अंगावर मायक्रोफोन लपवून तो क्विनलनबरोबर पुलाकडे चालूं लागतो, तेव्हां तो दुबळेपणानें नव्हे, तर स्वतःच्या निश्चयानें चालत असतो. जोसेफ कॅलेया या नटानें ती भूमिका केली आहे. त्याच्या अभिनयांत एका शब्दाची भर न घालतां मर्चनें त्याला मनुष्य म्हणून उंच केलें. वेल्सनें खरें कारण न सांगतां भिंगाचें निमित्त कां केलें असेल? माझा तर्क असा कीं, खरें कारण सांगितलें असतें तर अधिकाऱ्यांनीं त्यावर चर्चा केली असती. आणि चर्चा झाली असती तर तो तुकडा नक्की राहिला असता. महाविद्यालयाच्या समित्यांवर ज्यांनीं काम केलें आहे त्यांना हें निराळें समजावून द्यावयास नको.

१९९८ च्या आवृत्तींत आणखी पुष्कळ फेरफार आहेत. स्फोटानंतर सुझनचें एकीकडे ग्रँडी टोळीच्या म्होरक्याशीं व व्हार्गासचें दुसरीकडे क्विनलनशीं जें चाललेलें असतें तें आतां आलटून पालटून, लहान लहान तुकड्यांनीं दिसतें. त्यामुळें पतिपत्नींची ताटातूट अंगावर येते. हॉटेलांत दोघांचें केलरनें घेतलेलें लांब संभाषण गेलें. त्याबद्दल अश्रु ढाळणारा मनुष्य मला अद्यापि भेटलेला नाहीं. केलरचे कांहीं तुकडे मात्र ठेवणें भाग पडलें, कारण त्यांवांचून कथा तुटते.

ही आवृत्ति डीव्हीडीवर २००० सालीं आली. मीं ती मागविली आणि माझ्या स्नेह्यांना घरीं बोलावलें. त्यांना ती मुळींच आवडली नाहीं. "वेल्स पंचायशीं सालीं गेला," ते म्हणाले, "मग ही अठ्ठ्याण्णव सालची त्याची आवृत्ति कशी? त्यानें ही पाहिली आहे काय?" मीं टिपणाचा हवाला दिला. ते म्हणाले, "टिपण म्हणजे इच्छा, इच्छा म्हणजे कृति नव्हे. संकलनाच्या टेबलाशीं बसल्यावर त्यानें स्वतःच्या निम्म्या सूचना फिरविल्या असत्या. तुझे हे संपादक क्विनलनच आहेत बघ! गुन्हेगार बरोबर ओळखतात आणि मग खोक्यांत पुरावा पेरतात."

हा टोला इतका नेमका होता कीं त्यावर मला हसूं आलें. पण तो खरा आहे असें मला तेव्हांही वाटलें नाहीं, आजही वाटत नाहीं. क्विनलन खोक्यांत जें नव्हतें तें घालतो. मर्चनें नवें एकही दृश्य घेतलेलें नाहीं; संगीतसुद्धां मॅन्सिनीनें त्याच चित्रपटासाठीं रचलेलें. फेरफारामागें कागदाचा आधार आहे आणि तो कागद चित्रपटाबरोबरच वाचकाच्या हातीं दिलेला आहे. पुरावा पेरणारा आपला कागद उघडा ठेवीत नाहीं. आमच्या पुण्यांत भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम झालें. सुखटणकरांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहून घ्यावें, ही कथा घरोघर लहान मुलांनाही पाठ. पण हस्तलिखितांच्या साक्षीनें ती मुख्य पाठांत ठरली नाहीं, म्हणून परिशिष्टांत गेली. ती कथा कोणी जाळली नाहीं. ज्याला हवी त्यानें परिशिष्ट उघडावें. मॅन्सिनीचें आरंभसंगीत मला त्या गणपतीसारखें वाटतें: सर्वांना प्रिय, आणि मूळ योजनेबाहेरचें.

"पण एकनाथांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली त्याचें काय?" माझे स्नेही सहजासहजीं हरणारे नव्हते. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जमवून एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढच्यांनीं तींत आपली ओवी घालूं नये असें बजावलें, हें सर्वश्रुत आहे. "नाथांच्या प्रतीनें लोकांना ग्रंथ मिळाला हें खरें, पण नाथांपूर्वीं लोक जें वाचीत होते, ज्यावर कित्येक पिढ्या डोलल्या, तें कोणी जपून ठेवलें? राजवाड्यांना जुनी पोथी शोधीत हिंडावें लागलें ना? उद्यां तुझी ही अठ्ठ्याण्णवची प्रत सर्वत्र होईल आणि आपण त्या रात्रीं जी पाहिली ती कोठेंच राहणार नाहीं." या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, कारण त्यांत युक्तिवाद नव्हता, भय होतें, आणि तें रास्त होतें.

आवृत्त्यांच्या या संसारांत कांहीं पाठभेद संपादकाचे नसून केवळ यंत्राचे असतात, याचा शोध मला माझ्या पत्नीमुळें लागला. ती गाणें शिकवते. चित्रपटांचा तिला कंटाळा आहे. एका दुकानदारानें अमेरिकन म्हणून मला युरोपांतील डीव्हीडी पाठविली होती. ती मी लावून बसलों असतांना, तानिया नांवाच्या बाईच्या घरांतील पियानोला वाजूं लागला, आणि ही स्वयंपाकघरांतून म्हणाली, "अहो, हें मागच्या खेपेपेक्षां वर लागलंय." मीं मिनिटें मोजलीं: १११ मिनिटांचा चित्रपट १०७ मिनिटांच्या आंत संपला, आणि एकही प्रसंग गळलेला नव्हता. चित्रपट सेकंदाला २४ चित्रें या गतीनें घेतलेला असतो. युरोपची जुनी दूरचित्रवाणीपद्धति २५ ची. म्हणून तेथील चकत्यांवर सारा चित्रपट शेंकडा चार या प्रमाणानें घाईनें पळतो, आणि सुधारणा केलेली नसेल तर स्वरही चढतो. षड्ज आणि कोमल ऋषभ यांमध्यें जें अंतर, त्याच्या सुमारें दोन तृतीयांश. वेल्सचा तो खर्जांतला, दमलेला, मांसल आवाज इतका वर गेला कीं क्विनलन चार वर्षांनीं तरुण होतो! असल्या चकतीवर विसंबून कोणी त्याच्या अभिनयावर प्रबंध लिहिला तर काय म्हणावें?

चौकटीचा प्रश्न याहून बिकट. फिल्मवर चित्र जवळजवळ चौकोनी, १.३७ ला १ या प्रमाणांत उमटलेलें आहे. पण त्या काळीं चित्रगृहांत रुंद पडदे आले होते, आणि प्रक्षेपणाच्या वेळीं वरचा व खालचा भाग झांकून १.८५ ला १ असें रुंद चित्र दाखवीत. म्हणजे उंचीचा चौथा हिस्सा झांकला जाई. कॅसेटवर सारी उंची दिसे, डीव्हीडीवर झांकलेली दिसते. खरें कोणतें? स्टुडिओची पद्धति रुंद चित्राची होती, आणि चित्रगृहांत लोकांनीं तेंच पाहिलें, हें मान्य केलेंच पाहिजे. पुष्कळ दृश्यें रुंद चौकटींत अधिक घट्ट बसतात हेंही खरें. तरी वेल्सच्या चित्रांत छत हें पात्र असतें. कॅमेरा गुडघ्याजवळ ठेवून तो वर पाहतो, आणि क्विनलनचें धूड व त्याच्या डोक्यावर वांकलेलें छत हीं मिळून एक होतात. उंच चौकटींत तें छत पुरतें दिसतें. सांचेझच्या घरांतील तो कित्येक मिनिटांचा अखंड प्रसंग, ज्यांत खोलीखोलींतून माणसें दाटीवाटीनें येतजात असतात, तो मी अजूनही उंच चौकटींतच पाहणें पसंत करतों. २०११ सालीं इंग्लंडांत 'मास्टर्स ऑफ सिनेमा' या मालेंत जी ब्लू-रे निघाली तिनें या वादावर सरळ तोड काढली: १९५८ ची व १९९८ ची आवृत्ति दोन्ही चौकटींत, आणि मधली १०८ मिनिटांची रुंद चौकटींत, असे पांच पाठ तिनें एकत्र दिले. इतका निःपक्षपाती संपादक ग्रंथांच्या जगांतही विरळा. त्याआधीं २००८ मध्यें पन्नासाव्या वर्षानिमित्त निघालेल्या डीव्हीडींत तिन्ही आवृत्त्या व टिपणाची प्रतिकृति होती. पुढें २०१४ ची ब्लू-रे आणि २०२२ ची 'फोर-के' चकती निघाली. त्या उत्तम आहेत. चित्र इतकें स्वच्छ कीं क्विनलनच्या गालावरचे दाढीचे खुंट मोजावेत. त्यांविषयीं याहून अधिक लिहिण्यासारखें मला कांहीं नाहीं.

आमच्या महाविद्यालयांत चित्रपटरसास्वादाचा एक लहानसा वर्ग मी घेतों. पूर्वीं मी तेथें चकती नेत असें. आतां वर्गांत चकतीचें यंत्रच राहिलें नाहीं, आणि विद्यार्थी आपापल्या दूरध्वनीवर, जेथें मिळेल तेथून चित्रपट पाहून येतात. गेल्या वर्षीं मीं मेन्झीसच्या त्या प्रसंगावर निबंध लिहावयास सांगितला. निम्म्या मुलांनीं त्याच्या कोसळण्याविषयीं लिहिलें. निम्म्यांनीं लिहिलें कीं तो कोसळत नाहीं. प्रत्येकानें जें पाहिलें तें प्रामाणिकपणें लिहिलें होतें. आपण पाहिला त्याहून निराळा असा त्याच नांवाचा चित्रपट शेजारच्या बाकावरच्या मुलीनें पाहिला आहे, हें त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतें. कारण पडद्यावर आवृत्तीचा उल्लेख आढळला असें कोणीच सांगितलें नाहीं. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागें आवृत्तीचें वर्ष छापण्याची साधी सभ्यता या नव्या व्यवहारांत राहिलेली नाहीं. मीं सर्व निबंधांना पूर्ण वाचून गुण दिले, आणि पुढचे दोन तास तिन्ही पाठ शेजारीं शेजारीं दाखविण्यांत घालविले. त्या दोन तासांइतका उत्साह मीं त्या वर्गांत क्वचितच पाहिला आहे. एका मुलानें विचारलें, "सर, मग आम्ही कोणता खरा धरायचा?" मीं त्याला मर्चचा म्हणून सांगितलें, आणि कारणेंही सांगितलीं. तरी शेजारची मुलगी म्हणाली, "पण सर, तुम्ही लावलेल्या पहिल्या गाण्याशिवाय मला तो आतां सपक वाटतो."

माझे स्नेही चार वर्षांपूर्वीं वारले. त्यांच्या मुलानें पुस्तकांबरोबर ती जुनी कॅसेट माझ्याकडे पोंचती केली. मीं कपाटांतील चकत्यांशीं तिची याद ताडून पाहिली, तेव्हां ध्यानांत आलें कीं १०८ मिनिटांची ती मधली आवृत्ति उंच चौकटींत, छतासकट, माझ्या एकाही चकतीवर नाहीं. ती असेल तर या कॅसेटींतच. पण दोन-तीन पावसाळ्यांची ओल तिला लागली आहे. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली असून ती यंत्रांत घातली तर यंत्र आणि फीत दोन्ही जातील, असें जाणत्यांनीं सांगितलें. अशा फिती हातानें पुसून, दुसऱ्या खोक्यांत भरून, त्यांची नक्कल करून देणारा एक कारागीर शहराच्या जुन्या भागांत अजून आहे. तो म्हणाला, "कॅसेट कसली आहे? लग्नाची?" मीं नाहीं म्हणालों. सध्यां लग्नांच्याच पुष्कळ कॅसेटी आल्या आहेत, तेव्हां हिची पाळी यावयास महिना लागेल, असें त्यानें सांगितलें आणि पावती फाडून दिली.